हेडर बदललं की नेमकं काय काय पुन्हा कंपाइल करायचं? छोट्या स्क्रिप्टचा प्रयत्न

कंस_बंद_करा (धागाकर्ता)

सीमध्ये लिहिलेला एक प्रकल्प सांभाळतो. पन्नास-साठ .सी फाइली, वीसेक हेडर (.सी फाइलींनी इन्क्लूड लिहून आत ओढायच्या सामाईक .एच फाइली), बाहेरची लायब्ररी एकच. मेकफाइल (काय कशावरून बांधायचं ते मेक या बिल्डसाधनाला सांगणारी फाइल) आहे, पण तिच्यात प्रत्येक ऑब्जेक्टपुढे (.सी कंपाइल होऊन बनणारी .ओ फाइल) हेडरांची यादी कोणे एके काळी कुणीतरी हाताने लिहून ठेवली आहे. त्या यादीची आणि कोडची फारकत कधीच झाली. नवीन इन्क्लूड टाकणारा मेकफाइल उघडत नाही, आणि तरीही बिल्ड सुरळीत होतो. खरी गोम इथेच आहे. यादीत हेडर राहून गेलं म्हणून कंपायलर ओरडत नाही, मेकही ओरडत नाही.

उदाहरण देतो. एका स्ट्रक्टमध्ये दोन इंट आणि मग एक डबल होता. डबलची जागा आठव्या बाइटला. मध्ये आणखी एक इंट घातला, त्यामुळे अलाइनमेंटसकट डबल सरकून सोळाव्या बाइटला गेला. ज्या फाइली पुन्हा कंपाइल झाल्या त्या सोळावर लिहितात, ज्या यादीतून सुटल्या त्या आठवरून वाचतात. लिंकर (सगळ्या .ओ जोडून प्रोग्रॅम बनवणारा) फक्त नावं जुळवतो, आतली मापं बघत नाही, म्हणून तोही खुशाल पास करतो. प्रोग्रॅम चालू होतो, बराच वेळ चालतो आणि भलत्याच ठिकाणी भलताच आकडा दाखवतो. डीबगरमध्ये बघावं तर प्रत्येक फाइल आपापल्या जागी बरोबरच असते.

दुखणं जुनंच आहे. मेक जन्माला आलं तेच अशा एका सकाळीमुळे. १९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टीव्ह जॉन्सन यांची सकाळ एका बगच्या मागे वाया गेली होती. दुरुस्ती केव्हाच झाली होती, फक्त ती फाइल पुन्हा कंपाइल झाली नव्हती. ते वैतागून स्टुअर्ट फेल्डमन यांच्याकडे गेले आणि फेल्डमन यांनी मेक लिहिलं. पण मेकने अर्धाच प्रश्न सोडवला. यादी दिली तर काय बांधायचं ते मेक सांगतं. यादी कुठून आणायची, ते आपल्यावर सोडलं.

यादी बिनचूक ठाऊक असलेला इसम एकच, तो म्हणजे कंपायलर. हेडर उघडून वाचतो तोच. जीसीसी आणि क्लँग दोघांनाही -एमएमडी हा पर्याय दिला की नेहमीसारखं कंपाइल करता करता ऑब्जेक्टशेजारी एक .डी फाइल पडते. तिच्यात मेकच्या भाषेतला एक नियम असतो:

नोंद.ओ: नोंद.सी नोंद.एच सामाईक.एच \
 यादी.एच

(सिस्टिमचे हेडरही हवे असतील तर -एमडी. नुसतं -एम किंवा -एमएम दिलं तर यादी मिळते पण कंपाइल होत नाही, ते वेगळं.)

मग मेकफाइल बाजूला ठेवून सरळ एक शेल स्क्रिप्ट लिहिली. सांगाडा असा:

प्रत्येक .सी फाइलसाठी:
    .ओ किंवा .डी नाही, तर कंपाइल कर
    .डी मधलं कोलनपर्यंतचं आणि ओळीशेवटचे उलटे तिरके दांडे काढून टाक
    उरलेल्या प्रत्येक नावासाठी:
        फाइल नाही, तर कंपाइल कर
        फाइल .ओ पेक्षा नवी, तर कंपाइल कर
काही कंपाइल झालं असेल तर लिंक कर

शेलमध्ये हे पंचवीसेक ओळींत बसतं. जाणकारांनी भोकं दाखवावीत. "निंजा वापरा" (मेकसारखंच दुसरं बिल्डसाधन) हे उत्तर मला माहीत आहे, ते शेवटी द्या.


पाणकावळा

मी प्रत्येक वेळी सगळं पुसून पहिल्यापासून बांधतो. साठ फाइली म्हणजे किती वेळ लागणार? प्रश्नच मिटला.


अर्धविराम

@पाणकावळा, सी आहे म्हणून परवडतं. सी++ मध्ये टेम्प्लेटांनी भरलेलं एखादं हेडर सगळीकडे ओढलं गेलं असेल तर साठ फाइलींनाही घाम फुटतो. शिवाय सगळं पुसायची सवय लागली की बिल्डमधली चूक कुणाला दिसतच नाही. ती तिथेच राहते, आणि नवीन आलेल्याला "आधी क्लीन कर रे" हे तोंडी सांगावं लागतं.


जुनी_खोड

चांगला विषय काढलात. थोडं मागचं सांगतो, कारण तुमचा सांगाडा का चालतो हे त्यातून कळेल.

पूर्वी यासाठी मेकडिपेंड नावाचं साधन असे, एक्स विंडो सिस्टिमच्या सोर्सबरोबर यायचं. ते सगळ्या फाइली स्वतः चाळून हेडरांची यादी काढायचं आणि थेट मेकफाइलच्या तळाशी, "या ओळीखालचं पुसू नका" अशा सूचनेखाली चिकटवायचं. त्यात दोन कटकटी. एक, ते कंपायलर नव्हतं, कंपायलरची नक्कल करत होतं. इफडेफच्या (अटीनुसार कोड घेणाऱ्या-गाळणाऱ्या ओळींच्या) जंगलात दोघांचं मत वेगळं पडू शकायचं. दुसरी मोठी: ती वेगळी पायरी होती. मेक डिपेंड चालवायची आठवण माणसाने ठेवायची. म्हणजे यादी हाताने लिहायचं विसरण्याऐवजी यादी बनवायचं विसरायचं, एवढीच प्रगती.

नंतर जीएनयू मेकमध्ये अशी पद्धत आली की .डी फाइलच एक टार्गेट मानायचं आणि मेकने आधी त्या सगळ्या ताज्या करून, मग स्वतःला पुन्हा सुरू करून, मग कंपाइल करायचं. चालायचं बरोबर, पण प्रत्येक फाइल दोनदा प्रीप्रोसेस व्हायची आणि बिल्ड सुरू व्हायलाच वेळ लागायचा.

यातून सुटका झाली ती टॉम ट्रोमी यांनी ऑटोमेकसाठी काढलेल्या युक्तीने. जीएनयू मेक सांभाळणाऱ्या पॉल स्मिथ यांनी ती नीट लिहून काढली आणि ती सगळीकडे पसरली. युक्ती म्हणजे एक साधं निरीक्षण: यादी *आधी* लागतच नाही. ऑब्जेक्ट नसेल तर कंपाइल करायचंच आहे, यादी असो वा नसो. ऑब्जेक्ट असेल तर मागच्या कंपाइलच्या वेळची यादी शेजारी पडलेली आहे. आता ही मागची यादी शिळी कधी होईल? कुठलीतरी इन्क्लूडची ओळ बदलली तरच. ती ओळ असते .सी फाइलमध्ये किंवा यादीतल्याच एखाद्या हेडरमध्ये. म्हणजे यादी शिळी करणारा बदल हाच पुन्हा कंपाइल करायला लावणारा बदल, आणि त्या कंपाइलमध्ये नवी यादी आपोआप येते.

तुमची स्क्रिप्ट याच तत्त्वावर उभी आहे. आता या तर्काला अपवाद आहेत, ते बाकीचे सांगतीलच.


कंस_बंद_करा

काका, हे "यादी शिळी करणारा बदल हाच..." फारच नेमकं सांगितलंत. मी अंदाजाने तिथे पोचलो होतो, कारण मात्र नीट मांडता येत नव्हतं.

अपवादांपैकी एक मला दिसतो: जे हेडर बिल्डमध्येच तयार होतं. आमच्याकडे आवृत्ती क्रमांकाचं एक हेडर एक छोटी स्क्रिप्ट लिहिते. पहिल्या बिल्डला .डी नाही, त्यामुळे हे हेडर आधी बनायला हवं हे कुणालाच माहीत नाही.


अर्धविराम

हो, ते एक कलम हाताने लिहावंच लागतं. मेकमध्ये ऑर्डर-ओन्ली म्हणतात, उभ्या दांडीनंतर लिहायचं. अर्थ असा की हे आधी तयार असू दे, पण ते नवं झालं म्हणून मला पुन्हा बांधू नकोस. पुन्हा बांधायचं की नाही ते दुसऱ्या बिल्डपासून .डी ठरवेल. तुमच्या स्क्रिप्टमध्ये तर आणखी सोपं: बनवायची हेडर सगळ्यात वर, लूपच्या आधी.

फक्त ते हेडर प्रत्येक वेळी नव्याने लिहू नका. तात्पुरत्या नावाने लिहा, सीएमपीने जुन्याशी ताडून बघा, वेगळं असेल तरच एमव्ही करा. नाहीतर आवृत्ती तीच राहूनही रोज अर्धा प्रकल्प कंपाइल होत बसेल.


शून्यापासून

मेकच वापरणाऱ्यांसाठी एक. -एमएमडी बरोबर -एमपी द्यायला विसरू नका. एखादं हेडर काढून टाकलं, इन्क्लूडही काढलं, की जुन्या .डी मध्ये त्याचं नाव राहतं आणि मेक हटून बसतं: हे हेडर बनवायचा नियमच माझ्याकडे नाही. -एमपी दिलं की प्रत्येक हेडरसाठी एक रिकामा नियम .डी मध्ये पडतो आणि मेक गप्प होतं.

धागाकर्त्यांच्या स्क्रिप्टला याची गरज नाही, "फाइल नाही तर कंपाइल कर" असं त्यांनी आधीच लिहिलंय. उलट -एमपी दिलं तर .डी मध्ये कोलनवाल्या जादा ओळी येतील आणि त्यांच्या सेडला (मजकूर गाळणाऱ्या आज्ञेला) त्या गाळाव्या लागतील.


वेताळ_पुन्हा_झाडावर

भोक दाखवा म्हणालात ना, घ्या.

तुम्ही हेडरची वेळ .ओ च्या वेळेशी ताडता. .ओ ची वेळ म्हणजे कंपाइल *संपल्याची* वेळ. कंपायलर हेडर वाचतो सुरुवातीला. समजा एक फाइल कंपाइल व्हायला वीस सेकंद लागतात. पहिल्या सेकंदाला सामाईक.एच वाचून झालं. दहाव्या सेकंदाला तुम्ही एडिटरमध्ये सामाईक.एच बदलून सेव्ह केलंत. विसाव्या सेकंदाला .ओ लिहिली गेली. आता .ओ नवी, हेडर जुनं, स्क्रिप्ट म्हणणार सगळं आलबेल. आत मात्र जुन्या हेडरचा कोड. आणि हे आपोआप कधीच दुरुस्त होणार नाही, त्या हेडरला परत हात लागेपर्यंत.

बिल्ड चालू असताना टाइप करत राहणं ही कुणाचीही रोजची सवय आहे, त्यामुळे हे पुस्तकी उदाहरण नाही. मेकमध्येही हेच होतं.

उपाय दोन ओळींचा. कंपाइल सुरू करण्याआधी एक रिकामी फाइल टच करा. कंपाइल झालं की टच -आर वापरून .ओ ला त्या रिकाम्या फाइलची वेळ द्या. आता .ओ ची वेळ म्हणजे कंपाइल *सुरू* झाल्याची वेळ, आणि मधे झालेला कुठलाही बदल तिच्यापेक्षा नवा दिसेल.


कंस_बंद_करा

हे बघितलंच नव्हतं कुणी! लगेच घातलं. खरं करूनही पाहिलं: .सी मध्ये मुद्दाम अवजड कोड भरला, कंपाइल चालू असताना हेडर सेव्ह केलं. आधीची स्क्रिप्ट दुसऱ्या फेरीत "काही करायचं नाही" म्हणाली, नवीने फाइल पुन्हा घेतली.


जुनी_खोड

वेताळांनी वेळेचा विषय काढला आहे तर मुळाशीच जाऊ. "नवी आहे का?" हा प्रश्नच चुकीचा आहे. "बदलली का?" हा बरोबर.

जुन्या बॅकअपमधून एक हेडर परत आणलं, टारने किंवा सीपी -पी ने. त्याची वेळ जुनीच राहते. मजकूर बदलला, पण वेळ मागे गेली, स्क्रिप्टला काही दिसत नाही. नेटवर्कवरची ड्राइव्ह असेल आणि दोन यंत्रांची घड्याळं जुळत नसतील तर तेच. मेक घड्याळ सरकल्याचा इशारा देतं तो म्हणूनच. वेळेचा बारकावाही फाइलसिस्टिमवर ठरतो. फॅटवर दोन सेकंदांच्या पटीत, ईएक्सटी३ वर एक सेकंद, ईएक्सटी४ वर नॅनोसेकंदांची जागा आहे पण कर्नल साधारण काही मिलिसेकंदांच्या टप्प्यानेच वेळ लिहीत आला आहे.

त्यामुळे कंपाइलच्या आधी प्रत्येक फाइलची वेळ, आकार आणि आयनोड क्रमांक (फाइलसिस्टिमने फाइलीला दिलेला ओळख-क्रमांक) नोंदवून ठेवा आणि पुढच्या वेळी *वेगळं* असेल तर कंपाइल करा. मोठं-लहान बघूच नका. गिट आपल्या इंडेक्समध्ये साधारण हेच करतं. एव्हरी पेनारन यांनी रीडो या बिल्डसाधनाची जी आवृत्ती लिहिली तिच्यातही हाच विचार आहे.


अर्धविराम

किंवा सरळ मजकुराचा हॅश (मजकुरावरून काढलेला छोटा ठसा, मजकूर बदलला की तोही बदलतो). एससीकॉन्स हे बिल्डसाधन पहिल्यापासून हॅशवर चालतं. फायदा गिटमध्ये जाणवतो: दुसऱ्या शाखेवर गेलो, काही न करता परत आलो, तर मधे बदललेल्या सगळ्या फाइलींना आत्ताची वेळ लागते. वेळ बघणारी स्क्रिप्ट ते सगळं पुन्हा कंपाइल करते, हॅश बघणारी काहीच करत नाही. साठ-ऐंशी फाइलींचे हॅश काढायला डोळ्याचं पातंही लवत नाही.


जुनी_खोड

मान्य. दोन्ही जोडता येतात: वेळ-आकार-आयनोड तेच असेल तर हॅश काढायचाच नाही, वेगळं असेल तर काढून खात्री करायची. पण पंचवीस ओळींची स्क्रिप्ट तिथून पुढे पंचवीस ओळींची राहत नाही, हेही लक्षात असू द्या.


तिरकी_रेघ

सगळे .डी फाइलीवर एवढा भरवसा ठेवून आहात म्हणून विचारते. *नसलेल्या* फाइलींचं काय?

कंपायलरला दोन -आय (हेडर शोधायचे फोल्डर) दिलेत: आधी स्थानिक/, मग सामाईक/. रचना.एच सध्या फक्त सामाईक/ मध्ये आहे. कंपायलर आधी स्थानिक/रचना.एच शोधतो, सापडत नाही, मग सामाईक/रचना.एच घेतो. .डी मध्ये फक्त सापडलेलीचं नाव येतं. उद्या कुणी स्थानिक/रचना.एच तयार केली, तर आता कंपायलरने ती घ्यायला हवी. पण .सी बदलली नाही, यादीतली एकही फाइल बदलली नाही. स्क्रिप्ट ढिम्म.

काकांचा तर्क इथे मोडतो. यादी शिळी झाली, पण यादीतल्या कशालाही धक्का न लागता.


जुनी_खोड

बरोबर पकडलंत, तिरकी_रेघ ताई. डॅनियल बर्नस्टाइन यांच्या रीडोच्या मूळ कल्पनेत यासाठी वेगळी आज्ञाच आहे, रीडो-इफक्रिएट: ही फाइल आत्ता नाही, पण ती अवतरली तर मला पुन्हा बांध. अडचण एवढीच की ते नाव कुणीतरी सांगायला हवं, आणि कंपायलर .डी मध्ये ते सांगत नाही.


तिरकी_रेघ

कंपायलर सांगत नाही, पण कर्नल सांगतो. कंपायलरला काही विचारायचंच नाही, त्याच्यावर नजर ठेवायची. एसट्रेस, म्हणजे प्रोग्रॅमने कर्नलकडे केलेली प्रत्येक मागणी (सिस्टिम कॉल) टिपणारं साधन.

एसट्रेसला -एफ द्यायचं (हे महत्त्वाचं, कारण जीसीसी ही नुसती मुकादम आज्ञा आहे, हेडर वाचणारा सीसी१ आणि असेंबलर हे तिचे वेगळे प्रोसेस असतात), फाइलींशी संबंधित कॉलच दाखव म्हणायचं, आणि निकाल एका फाइलीत. त्यात प्रत्येक ओपनअॅट (फाइल उघडायचा कॉल) दिसतो, यशस्वी आणि अयशस्वी दोन्ही. माझ्याकडच्या एका छोट्या फाइलीचा मासला, मराठीत उतरवून:

उघड "स्थानिक/रचना.एच", वाचण्यासाठी = अशी फाइल नाही
उघड "सामाईक/रचना.एच", वाचण्यासाठी = ४
उघड "/टीएमपी/सीसी...एस", लिहिण्यासाठी = ३

पहिली ओळ म्हणजे रीडो-इफक्रिएट फुकटात. दुसरी म्हणजे .डी मधली नोंद. तिसरी ही सीसी१ आणि असेंबलर यांच्यातली तात्पुरती फाइल, ती गाळायची; /टीएमपी खालचं सगळं टाकून दिलं की झालं, किंवा जीसीसीला -पाइप द्यायचं.

आणि हे फक्त सीपुरतं नाही. कोड तयार करणारी पायथन स्क्रिप्ट असो, चित्रं आकुंचित करणारं साधन असो, त्याला .डी लिहिता येत नसली तरी फाइली तर उघडाव्याच लागतात. फॅब्रिकेट नावाची एकाच फाइलीची पायथन स्क्रिप्ट आहे, ती नेमकी हेच करते: आज्ञा एसट्रेसखाली चालवते, कोणत्या फाइली वाचल्या-लिहिल्या ते टिपते, त्यांचे एमडी५ हॅश साठवते, पुढच्या वेळी एकही हॅश बदलला नसेल तर आज्ञा चालवतच नाही. त्याआधी बिल मॅक्क्लॉस्की यांचं मेमोइझ होतं, कल्पना तिथली. तिथे बिल्डची स्क्रिप्ट म्हणजे एकाखाली एक आज्ञा, बस. कशावर काय अवलंबून हे कुठेच लिहायचं नाही.


शून्यापासून

वा, हे आवडलं. वेग?


तिरकी_रेघ

तिथेच मेख आहे. एसट्रेस प्रत्येक सिस्टिम कॉलला प्रोसेस थांबवतं, म्हणून हळू होतं. एसट्रेस ५.३ पासून --सेककॉम्प-बीपीएफ असा पर्याय आहे, -एफ बरोबर दिला की हवे तेच कॉल थांबतात आणि बराच फरक पडतो. शिवाय हा मार्ग लिनक्सचा. मॅकवर एसट्रेस नाही, आणि जे आहे त्याला सिस्टिमचं संरक्षण शिथिल करावं लागतं. फॅब्रिकेटमध्ये दुसरा मार्ग होता, कंपाइलच्या आधी-नंतर फाइलींची शेवटची वाचल्याची वेळ ताडायचा. पण २००९ पासून लिनक्समध्ये रेलअटाइम हेच मूळ धोरण झालं आणि प्रत्येक वाचनाची वेळ लिहिली जाईनाशी झाली, त्यामुळे त्यावर विसंबायची सोय उरली नाही.

माझं म्हणाल तर रोजच्या कामाला .डी, आणि अधूनमधून एसट्रेसने उलटतपासणी.


पाणकावळा

मी अजूनही क्लीनच करतो, पण धागा वाचायला मजा येतेय.


विंडोजवाला_एकटा

आमच्याकडे बघणार का कुणी? एमएसव्हीसीला (मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरला) -एमएमडी नाही. /शोइन्क्लूड्स आहे, ते प्रत्येक हेडरसाठी पडद्यावर एक ओळ छापतं, ती पकडून यादी करायची. गंमत अशी की ती ओळ व्हिज्युअल स्टुडिओच्या भाषेनुसार अनुवादित होते. इंग्रजी वाक्य शोधणारी स्क्रिप्ट जर्मन आवृत्तीवर गप्पकन रिकामी यादी देते. निंजाला यासाठी वेगळी सेटिंग ठेवावी लागली, ओळीची सुरुवात कशी असते ते सांगायला. नव्या आवृत्त्यांत /सोर्सडिपेंडन्सीज आहे, तो नीट जेसन फाइल देतो. शक्य असेल तर तोच घ्या.


वेताळ_पुन्हा_झाडावर

आणखी एक भोक, आणि हे सगळ्यात जास्त लोकांना चावतं: कंपायलरचे पर्याय. -ओ२ (वेगासाठी) काढून -जी (डीबगरसाठी) टाकलंत, किंवा एखादा -डी (मॅक्रो ठरवणारा) बदललात. एकही फाइल बदलली नाही. स्क्रिप्ट म्हणते काही करायचं नाही, आणि तुम्ही डीबगरमध्ये बसून विचारता व्हेरिएबल का दिसत नाही.


अर्धविराम

आज्ञा हीसुद्धा एक अवलंबित्वच आहे. लिनक्स कर्नलच्या केबिल्डमध्ये बघा: प्रत्येक ऑब्जेक्टशेजारी .सीएमडी शेवटाची एक लपलेली फाइल असते, तिच्यात ज्या आज्ञेने ती बांधली ती जशीच्या तशी लिहिलेली असते. आज्ञेत एक अक्षर बदललं तरी पुन्हा बांधलं जातं.

तिथलंच आणखी एक सांगण्यासारखं. कर्नलचे सगळे कॉन्फिग पर्याय एका हेडरमध्ये येतात आणि ते हेडर प्रत्येक फाइलीला जोडलेलं असतं. .डी वर जसाच्या तसा भरवसा ठेवला तर एक पर्याय बदलला की अख्खा कर्नल पुन्हा. म्हणून फिक्सडेप नावाचा एक छोटा सी प्रोग्रॅम प्रत्येक .डी फाइल घेतो, त्या सामाईक हेडरचं नाव यादीतून उडवतो, आणि सोर्स चाळून त्यात खरोखर ज्या ज्या कॉन्फिग पर्यायांची नावं येतात त्या प्रत्येकासाठी एकेक स्वतंत्र रिकामी फाइल यादीत घालतो. पर्याय बदलला की फक्त त्याची रिकामी फाइल टच होते. कंपायलरची यादी खरी असूनही उपयोगाची नव्हती, म्हणून ती मुद्दाम बदलली.


कंस_बंद_करा

फिक्सडेपचं माहीत नव्हतं, भारी आहे. आज्ञा साठवायचं घातलं: .ओ शेजारी एक मजकूर फाइल, तिच्यात पूर्ण आज्ञा आणि कंपायलरच्या --व्हर्जनची पहिली ओळ. जुळलं नाही तर कंपाइल.


गणिती_कीटक

फोरट्रानवाले आहोत, त्यामुळे हा सगळा संवाद हेव्याने वाचतो आहे. आमच्याकडे यूज लिहिलं की त्या मॉड्यूलची .मॉड फाइल *आधीच* तयार असावी लागते, आणि ती दुसऱ्याच सोर्सच्या कंपाइलमधून निघते. म्हणजे पहिल्या बिल्डलाच क्रम लागतो, "यादी नंतर मिळेल" हा मार्गच बंद. हे फोरट्रान ९० पासून. आता सी++२० च्या मॉड्यूलांमुळे तुमच्यातलेही काही या रांगेत आले. आधी सगळ्या फाइली चाळायच्या, कोण काय पुरवतं नि कोण काय मागतं ते काढायचं, मग क्रम लावायचा. निंजा १.१० मध्ये डायनडेप (अवलंबित्वं बिल्ड चालू असताना शोधायची सोय) आलं ते मुळात फोरट्रानच्याच गरजेतून.


जुनी_खोड

@गणिती_कीटक, खरं आहे. तिथे पंचवीस ओळींच्या स्क्रिप्टचा नाद सोडावा.


शून्यापासून

धागाकर्ते, सांगाड्यातली शेवटची ओळ पुन्हा बघा. "काही कंपाइल झालं असेल तर लिंक कर."

चाळीस फाइली कंपाइल झाल्या, एक्केचाळिसावीत सिंटॅक्सची चूक, स्क्रिप्ट थांबली. तुम्ही चूक करणारी ती ओळच मागे घेतलीत, फाइल गिटमधून होती तशी परत आणलीत (आणि अर्धविराम म्हणतात तसं हॅशवर असाल तर ती आता "न बदललेली" आहे). पुन्हा चालवलीत. या फेरीत काहीच कंपाइल झालं नाही, म्हणून लिंकही नाही. चाळीस नव्या ऑब्जेक्ट फाइली पडून आहेत आणि प्रोग्रॅम जुनाच.


कंस_बंद_करा

अरे हो की. ती खूण व्हेरिएबलमध्ये राहते आणि स्क्रिप्टबरोबर मरते. सोपा उपाय: पहिली फाइल कंपाइल करायला घेण्याआधीच जुना प्रोग्रॅम पुसायचा. मग लिंक करायचं की नाही याचं उत्तर डिस्कवरच असतं: प्रोग्रॅम नाही, तर लिंक.


शून्यापासून

चालेल. आणि लिंक करताना .ओ फाइली तारांकन लावून गोळा करू नका, सोर्सच्या यादीवरून नावं बनवा. नाहीतर काढून टाकलेल्या .सी ची जुनी .ओ भुतासारखी आत येत राहते.


वेताळ_पुन्हा_झाडावर

भुतांवर बोलायचं काम आमचं :)

नाव बदलायच्या क्रमाकडेही बघा. कंपाइल तात्पुरत्या नावाने करा, यशस्वी झालं की .डी आधी जागेवर आणा, .ओ नंतर. मधेच वीज गेली तर .डी नवी, .ओ जुनी, ती पुन्हा बांधली जाईल, नुकसान शून्य. उलट क्रमाने केलंत तर .ओ नवी आणि यादी जुनी, म्हणजे नव्याने जोडलेलं हेडर यादीत नाही, आणि हे कळायला मार्ग नाही.


कंस_बंद_करा

सगळं घालून आत्ताचा सांगाडा असा:

बनवायची हेडर बनव, बदलली असतील तरच जागेवर ने
प्रत्येक .सी फाइलसाठी:
    .ओ, .डी, आज्ञेची फाइल यांतलं काही नाही, तर कंपाइल
    आज्ञा जुळत नाही, तर कंपाइल
    .डी मधलं एखादं नाव अस्तित्वात नाही किंवा .ओ पेक्षा नवं, तर कंपाइल
कंपाइल म्हणजे:
    प्रोग्रॅम पुस
    खुणेची फाइल टच कर
    तात्पुरत्या नावाने कंपाइल, -एमएमडी आणि -एमएफ सह. चुकलं तर थांब
    तात्पुरत्या .ओ ला खुणेची वेळ दे
    .डी जागेवर, मग .ओ जागेवर, शेवटी आज्ञा जागेवर
प्रोग्रॅम नाही किंवा सोर्सची यादी बदलली, तर लिंक

हॅश तूर्त नाही घातला, वेळेवरच आहे. बॅकअपमधून फाइल आणली तर टच करायची हे टीमला सांगितलंय. तिरकी_रेघ यांचं नसलेल्या फाइलींचं भोक उघडंच ठेवलं आहे. आमच्याकडे एकच -आय आहे.


तिरकी_रेघ

एकच -आय असला तरी अवतरणातलं इन्क्लूड आधी त्या फाइलीच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये शोधतात. म्हणजे शोधायच्या जागा दोन झाल्या. सोर्स आणि हेडर वेगळ्या फोल्डरांत आहेत का तुमची?


कंस_बंद_करा

आहेत. :( पण सोर्सच्या फोल्डरात एकही हेडर ठेवायचं नाही असा आमचा नियम आहे. स्क्रिप्टच्या सुरुवातीला तेवढं तपासतो: सोर्स फोल्डरात .एच दिसली की बिल्डच नाकारायचा.


तिरकी_रेघ

हे चालेल.


अर्धविराम

-एनटी (एक फाइल दुसरीपेक्षा नवी का, ही शेलची तपासणी) वापरत असाल तर एक तपासा. दुसरी फाइल नसेल तेव्हा काही शेल "हो, नवी" म्हणतात आणि काही "नाही". तुम्ही आधीच .ओ आहे का बघता, म्हणून वाचलात. ती ओळ पुढेमागे कुणी "जादा आहे" म्हणून काढू नये यासाठी शेजारी टीप लिहून ठेवा.


पाणकावळा

आता निंजा म्हणायची परवानगी आहे का?


कंस_बंद_करा

आहे. पण निंजाही .डी वाचूनच चालतं: कंपाइल झालं की वाचतं, आपल्या बायनरी नोंदवहीत उतरवतं आणि .डी पुसून टाकतं. आज्ञाही लक्षात ठेवतं. फाइली दोनशेच्या वर गेल्या की तिकडे जाईन, तोवर ही स्क्रिप्ट.